जुन्या चित्रांचा जीर्णोद्धार

मुक्त संगणक-साधनाने छायाचित्रे सुधारण्याची मूलतत्त्वे

१. एक छायाचित्र आणि एक प्रश्न

कावेरीच्या काठी वसलेल्या कुंभकोणम नगरात थोर गणिती श्रीनिवास रामानुजन ह्यांचे बालपण गेले. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील त्यांचे लहानसे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. रामानुजन हे नाव उच्चारताच जो चेहरा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तो बहुधा एकाच छायाचित्रातून आलेला असतो. १९१९ साली इंग्लंडहून परतताना त्यांच्या पारपत्रावर जे छायाचित्र लावलेले होते, तेच हे होय. पुढील वर्षी रामानुजन निवर्तले. १९३६ साली खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर भारतात यावयास निघाले असता, केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी ह्यांनी रामानुजनांचे एखादे चांगले छायाचित्र मिळाल्यास पाहावे, अशी त्यांना विनंती केली. चंद्रशेखरांनी मद्रास येथे रामानुजनांच्या पत्नी जानकी अम्माळ ह्यांची भेट घेतली. त्यांच्यापाशी ते जुने पारपत्र अद्याप होते, आणि सतरा वर्षे लोटल्यावरही त्यावरील छायाचित्र निगेटिव्ह काढून प्रती करण्याइतके शाबूत राहिले होते. हार्डी ह्यांच्या १९४० सालच्या ग्रंथात ते छापले गेले. पुढे अमेरिकेतील शिल्पकार पॉल ग्रॅनलुंड ह्यांनी घडविलेला रामानुजनांचा कांस्य अर्धपुतळाही त्याच छायाचित्राच्या आधारे झाला.

असे एखादे चित्र आज आपल्या हाती आले तर त्यावर आपण कोणते संस्कार करू शकू, आणि कोणते करू नयेत? हा प्रश्न केवळ थोर पुरुषांच्या चित्रांपुरता नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास जे मराठी राज्य स्थापिले, ते १८५५ साली संपले; परंतु त्याच्या आश्रयाने आलेली मराठी कुटुंबे तंजावर-कुंभकोणमच्या परिसरात स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे ह्या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणम येथे अशाच एका कुटुंबात जन्मले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. घराघरांतील पेट्यांत असणाऱ्या कागदांना मात्र वाळवी, दमट हवा आणि विस्मृती हे तीन शत्रू असतात. पणजोबांचे पिवळे पडलेले छायाचित्र असो की मोडीतील एखादी पावती असो, त्याची संगणकावर स्वच्छ प्रत करून ठेवण्याचे काम आता घरबसल्या होऊ शकते. त्यासाठी लागणाऱ्या क्रिया थोड्या आहेत व त्यांच्यामागील तत्त्वे सोपी आहेत. तीच येथे समजावून घ्यावयाची आहेत.

सोयीसाठी आरंभीच एक भेद ध्यानात ठेवू. चित्रावरील काही क्रिया, चित्रात जे आधीच आहे ते डोळ्यांना अधिक स्पष्ट करून दाखवितात. दुसऱ्या काही क्रिया, जे चित्रात नाही ते त्यात नव्याने घालतात. पहिल्या प्रकारास आपण ‘उजळणी’ म्हणू आणि दुसऱ्यास ‘भरणी’ म्हणू. दोन्ही क्रिया उपयोगी आहेत. परंतु आपण कोणत्या क्षणी कोणती करीत आहो, ह्याचे भान सुटले की चित्राचा पुरावा म्हणून असलेला मोल संपतो.

२. मुक्त साधन म्हणजे काय?

चित्रांवर काम करणाऱ्या अनेक संगणक-आज्ञावली उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘गिंप’ ही आपण उदाहरणादाखल घेऊ. १९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी तिचा आरंभ केला व १९९६ साली ती लोकांपुढे आली. पुढे जगभरातील स्वयंसेवकांनी ती वाढविली. तिची तिसरी मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

ही आज्ञावली विनामूल्य मिळते. परंतु तिला मुक्त म्हणावयाचे कारण त्याहून खोल आहे. ती कोणत्याही कामासाठी वापरण्याची, तिची घडण तपासून पाहण्याची, तीत फेरफार करण्याची आणि तिच्या प्रती इतरांना देण्याची मोकळीक वापरणाऱ्यास कायद्याने दिलेली आहे. खेड्यातील शाळेला किंवा लहानशा ग्रंथालयाला ह्याचा लाभ उघड आहे. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. आपण चित्रावर जी क्रिया करतो तिच्यात नेमके कोणते गणित घडते, हे मुक्त आज्ञावलीत कोणाही जाणकारास पाहता येते. जुन्या कागदपत्रांच्या बाबतीत ही पारदर्शकता मोलाची होय.

३. चित्र म्हणजे अंकांचा पट

तमिळ घरांपुढे पहाटे कोलम काढतात, आणि मराठी घरांत ठिपक्यांची रांगोळी काढतात. दोन्हींत प्रथम समान अंतरावर ठिपके मांडतात व मग त्यांच्या आधारे आकृती उभी राहते. संगणकातील चित्रही ठिपक्यांच्याच अशा मांडणीचे बनलेले असते. फरक इतकाच की येथे रेषा मुळीच नसतात. ठिपके इतके दाट असतात की डोळ्याला ते सलग भासतात. ह्या ठिपक्यास ‘पिक्सेल’ म्हणतात.

प्रत्येक पिक्सेल म्हणजे वस्तुतः काही अंक होत. कृष्णधवल चित्रात एका पिक्सेलला एकच अंक पुरतो. सामान्यतः तो ० ते २५५ ह्यांच्या दरम्यान असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा आणि मधले सर्व अंक राखी रंगाच्या छटा. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन प्रकाशांसाठी तीन अंक लागतात. तीन अंकांच्या प्रत्येकी २५६ शक्यता धरल्यास एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात.

दोन इंच लांब व दोन इंच रुंद असे एक छायाचित्र स्कॅनरवर ठेवून दर इंचास ६०० पिक्सेल ह्या प्रमाणात उतरविले, असे समजा. त्यात १,२०० ओळी व दर ओळीत १,२०० पिक्सेल, म्हणजे एकूण १४,४०,००० पिक्सेल येतील. आणि रंगीत प्रत असल्यास ४३,२०,००० अंक साठवावे लागतील. यापुढे आपण जी जी क्रिया पाहू, ती ह्या अंकांवरील बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा अदलाबदल ह्यांपलीकडे काही नाही. हे एकदा मनावर ठसले की आज्ञावलीच्या पडद्यावरील शेकडो चिन्हांचे भय उरत नाही.

४. पहिला नियम : मूळ प्रतीस हात लावू नये

रामानुजन कागद महाग पडे म्हणून पाटीवर गणित करीत व आकडेमोड झाली की कोपराने पुसून पुढची मांडीत. वहीत उतरे तो केवळ निष्कर्ष. तो कसा निघाला हे कळण्याचा मार्ग पाटीबरोबर पुसला गेला, आणि पुढील गणितींना त्या सिद्धता नव्याने शोधण्यात अनेक दशके घालवावी लागली. चित्राचे काम पाटीवरच्या गणितासारखे करू नये.

स्कॅनरमधून किंवा कॅमेऱ्यातून आलेली पहिली फाइल वेगळ्या जागी ठेवावी आणि तिच्या प्रतीवरच काम करावे. गिंपमध्ये ‘इमेज’ ह्या यादीतील ‘डुप्लिकेट’ ही आज्ञा दिली की अशी प्रत मिळते. चुकलेली क्रिया ‘अनडू’ ह्या आज्ञेने मागे घेता येते हे खरे. परंतु चित्र बंद करताच ती सोय संपते. मूळ फाइल शाबूत असेल तर मात्र दहा वर्षांनीही नव्याने आरंभ करता येतो.

५. सरळ करणे आणि कातरणे

स्कॅनरवर कागद क्वचितच अगदी सरळ ठेवला जातो. तेव्हा पहिली क्रिया म्हणजे चित्र सरळ करणे. चित्र नव्वद अंशांत फिरविले तर प्रत्येक पिक्सेल आपली जागा बदलतो, पण त्याचा अंक तोच राहतो. ह्यात काहीही गमावत नाही. परंतु चित्र दोन किंवा तीन अंशांत फिरविले तर जुने पिक्सेल नव्या चौकटींवर तंतोतंत बसत नाहीत. मग प्रत्येक नव्या चौकटीचा अंक शेजारच्या चार किंवा अधिक जुन्या अंकांची भारित सरासरी काढून ठरवावा लागतो. परिणामी चित्र किंचित मऊ होते. यास्तव कोन नीट मोजून एकदाच फिरवावे. थोडे फिरविले, पुन्हा थोडे फिरविले, असे चार वेळा केल्यास चार वेळा सरासरी निघते आणि बारीक रेषा पुसट होत जातात.

मग ‘क्रॉप’ ह्या साधनाने चित्राच्या भोवतालचा निरुपयोगी भाग कातरावा. जुन्या कागदाच्या बाबतीत मात्र एक पथ्य आहे. कागदाची कड, समासातील खूण, छायाचित्राच्या पुठ्ठ्यावर छापलेले छायाचित्रकाराचे नाव हीदेखील माहितीच होय. म्हणून जतनाच्या प्रतीत कागदाच्या चारही कडा दिसतील एवढी जागा सोडावी. भिंतीवर लावण्याच्या प्रतीत हवे तेवढे कातरावे.

६. उजेड आणि छाया

जुने छायाचित्र फिके दिसते ह्याचा अंकांच्या भाषेत अर्थ काय? त्यात खरा काळा आणि खरा पांढरा उरलेला नसतो. समजा, एखाद्या चित्रातील सर्वांत गडद पिक्सेलचा अंक ९० आहे आणि सर्वांत उजळ पिक्सेलचा २००. म्हणजे २५६ पायऱ्यांच्या जिन्यातील मधल्या १११ पायऱ्यांवरच सगळे चित्र दाटीने बसले आहे. हे पाहण्यासाठी गिंप एक आलेख दाखविते; त्यास ‘हिस्टोग्राम’ म्हणतात. कोणत्या अंकाचे किती पिक्सेल आहेत, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते. फिक्या चित्राचा आलेख मध्यभागी टेकडीसारखा दिसतो व दोन्ही बाजूंस मोकळे मैदान असते.

‘कलर्स’ ह्या यादीतील ‘लेव्हल्स’ ही आज्ञा हा आलेख ताणून पूर्ण रुंदीभर पसरविते. आपण काळ्याची खूण ९० वर आणि पांढऱ्याची खूण २०० वर आणून ठेवावयाची. मग आज्ञावली प्रत्येक अंकातून ९० वजा करते, उरलेल्या संख्येस ११० ने भागते आणि २५५ ने गुणते. अशा रीतीने ९० चा ० होतो, ११२ चा ५१, १५६ चा १५३ आणि २०० चा २५५. पूर्वी शेजारी असलेल्या दोन छटांत आता दुपटीहून अधिक अंतर पडते, आणि कोटाच्या घडीत लपलेली बटणे किंवा फिक्या शाईतील वेलांट्या एकाएकी दिसू लागतात. मधली तिसरी खूण सरकविली असता काळे व पांढरे टोक स्थिर राहून फक्त मधल्या छटा उजळतात किंवा गडद होतात.

ही शुद्ध उजळणी होय. येथे नवे काही घातलेले नाही. पायऱ्या १११ होत्या त्या १११ च राहिल्या, केवळ त्यांच्यात अंतर पडले. ताणल्यानंतरचा आलेख फणीच्या दातांसारखा तुटक दिसतो, तो ह्याच कारणाने. परंतु खुणा हावरेपणाने आत सरकवू नयेत. काळ्याची खूण ९० ऐवजी १२० वर ठेवली, तर ९० ते १२० ह्यांमधील सर्व छटा शून्यावर येऊन एकजीव होतात. मग केसांचा पोत, डोळ्यांखालील छाया हे सगळे एका सपाट काळ्या डागात बुडते. बुडालेले ते अंक पुन्हा वेगळे करण्याचा कोणताही मार्ग नाही.

ह्याच प्रकारची आणखी एक साधी क्रिया म्हणजे ‘इन्व्हर्ट’. ती प्रत्येक अंक २५५ मधून वजा करते. काळ्याचे पांढरे होते आणि पांढऱ्याचे काळे. चंद्रशेखरांच्या काळी पारपत्रावरील छायाचित्राची निगेटिव्ह काढावयास कॅमेरा, फिल्म व अंधारी खोली लागत होती. आज घरात पडून असलेल्या जुन्या कृष्णधवल निगेटिव्ह मागून प्रकाश देऊन टिपल्या आणि ही एक वजाबाकी केली की हरवलेले छायाचित्र डोळ्यांपुढे येते.

७. रंगांची फारकत

कृष्णधवल कागदपत्र उतरवितानाही ते रंगीत उतरवावे, असे तज्ज्ञ सांगतात. त्याचे कारण असे. पिवळट तपकिरी डाग तांबडा प्रकाश बराचसा परत पाठवितो आणि निळा प्रकाश गिळतो. म्हणून चित्राचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग वेगळे केले, तर निळ्या भागात तो डाग गडद दिसतो आणि तांबड्या भागात जवळजवळ नाहीसा होतो. काजळीपासून केलेली काळी शाई मात्र तिन्ही प्रकाश सारखेच गिळते. ती तिन्ही भागांत काळीच राहते. तेव्हा पाण्याच्या डागाखाली गेलेला मोडी मजकूर वाचावयाचा असेल तर तांबडा भाग पाहावा. याच्या उलट, छायाचित्रच पिवळे पडून पुसट झाले असेल, तर त्याच्या पिवळट रेषा निळ्या भागात अधिक ठळक उठतात. ही फारकत ‘कलर्स’ यादीतील ‘कंपोनंट्स’ ह्या पोटयादीत ‘डिकंपोज’ ही आज्ञा दिल्याने होते.

कागदाच्या टंचाईमुळे रामानुजन एकदा लिहिलेल्या कागदावर तांबड्या शाईने पुन्हा लिहीत, असे त्यांच्या चरित्रात येते. असे एखादे पान आपल्यापुढे आहे, अशी कल्पना करू. पांढऱ्या कागदाचे तीन अंक समजा २३०, २२५, २१०. काळ्या शाईचे ४०, ३८, ३६. आणि तांबड्या शाईचे २००, ५०, ४५. तांबड्या भागात कागद २३० व तांबडी शाई २०० असल्यामुळे वरचे लिखाण विरून जाते आणि खालचे काळे लिखाण एकटे उरते. आता तांबड्या भागातून हिरवा भाग वजा करू. कागदाची बाकी ५ येते, काळ्या शाईची २ आणि तांबड्या शाईची १५०. म्हणजे आता तांबडे लिखाण तेवढे उजळून निघाले. दोन भाग एकावर एक ठेवून वरच्यास ‘डिफरन्स’ ही रीत लावली की हीच वजाबाकी होते. एकमेकांत गुंतलेली दोन लिखाणे प्राथमिक शाळेतील गणिताने सुटी झाली!

८. निवड आणि थर

आतापर्यंतच्या क्रिया सबंध चित्रावर होत्या. पुष्कळदा चित्राचा एखादाच भाग सुधारावयाचा असतो; उदाहरणार्थ, घडीमुळे काळवंडलेला एक पट्टा. त्यासाठी प्रथम तो भाग निवडावा लागतो. चौकोनी निवड, हाताने रेखलेली निवड, आणि एका रंगाच्या जवळपासचे सर्व पिक्सेल उचलणारी निवड, अशी निरनिराळी साधने आहेत. निवडीची कड एकदम तुटक ठेवली तर सुधारलेला भाग ठिगळासारखा दिसतो. म्हणून ‘फेदर’ ही आज्ञा देऊन कड मऊ करावी. त्यायोगे क्रियेचा परिणाम कडेशी हळूहळू ओसरतो.

ह्यापेक्षाही महत्त्वाची कल्पना थराची होय. मूळ चित्रावर काच ठेवावी आणि रंग काचेवर लावावा, तसा हा प्रकार आहे. काच उचलली की खालचे चित्र जसेच्या तसे असते. ‘लेयर’ यादीतून नवा पारदर्शक थर घ्यावा व दुरुस्ती त्यावर करावी. एका थरावर डागांची दुरुस्ती, दुसऱ्यावर फाटलेल्या कोपऱ्याची, अशी कामे विभागून ठेवली आणि थरांना तशी नावे दिली, तर कोणती दुरुस्ती कोठे झाली हे केव्हाही तपासता येते. थराला ‘मास्क’ जोडण्याचीही सोय आहे. मास्क हे स्वतः एक कृष्णधवल चित्र असते; त्यावर जेथे पांढरे तेथे थर दिसतो, जेथे काळे तेथे झाकला जातो आणि राखी छटांत अर्धवट दिसतो. खोडण्याऐवजी झाकण्याची ही युक्ती आहे. झाकलेले पुन्हा उघडता येते.

९. डाग काढणे : येथे भरणी सुरू होते

छायाचित्रावर पडलेला ओरखडा किंवा बुरशीचा ठिपका काढावयाचा म्हणजे काय करावयाचे? त्या जागेचे मूळ अंक तर नष्ट झालेले असतात. तेव्हा शेजारचे अंक आणून तेथे बसवावे लागतात. ‘क्लोन’ हे साधन हेच करते. कंट्रोल ही कळ दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर टिचकी द्यावी. तो नमुना झाला. मग डागावर कुंचला फिरविला की नमुन्याचे पिक्सेल तेथे उतरतात. ‘हील’ हे साधन ह्याहून नाजूक आहे. ते नमुन्याचा पोत घेते, परंतु त्याची छटा नव्या जागेच्या आसपासच्या छटेशी जुळवून घेते. गालावरील किंवा आकाशातील डागास ‘हील’ चांगले. कपाळाची कड, पदराचा काठ अशा ठिकाणी ‘क्लोन’ अधिक बरे. नमुना वारंवार बदलावा, नाहीतर एकाच आकृतीची पुनरावृत्ती डोळ्यांत भरते.

पार्श्वभूमीवरील ओरखडा अशा रीतीने बुजविण्यात कोणाचे नुकसान नाही. परंतु ओरखडा डोळ्यावरून किंवा ओठावरून गेला असेल तर? तेथे आपण जे भरू ते त्या व्यक्तीचे नसून आपल्या कल्पनेचे असेल. कागदपत्राच्या बाबतीत तर धोका अधिक आहे. धुळीचे कण आपोआप काढण्यासाठी ‘डिस्पेकल’ नावाची आज्ञा आहे. आसपासच्या अंकांहून फार वेगळा दिसणारा एकाकी ठिपका ती पुसून टाकते. परंतु ठिपका धुळीचा आहे की अनुस्वाराचा, हे तिला कळत नाही. अनुस्वार गेला की ‘वंश’ चा ‘वश’ होतो. एखाद्या ओळीच्या शेवटी असलेले पुसट शून्य डाग समजून बुजविले, तर ५०० रुपयांचे ५० रुपये होतात. मोडीत शब्द सुटे न पाडता एका ओढीत लिहिण्याची रीत असल्यामुळे, वाचणाऱ्यास प्रत्येक बारीक खुणेचा आधार लागतो.

म्हणून नियम असा करावा : लिखाण असलेल्या कागदावर ‘क्लोन’, ‘हील’ व ‘डिस्पेकल’ वापरू नयेत, तेथे लेव्हल्स आणि रंगांची फारकत एवढ्यावरच थांबावे. डाग दिसत राहिला तर राहू द्यावा. डागासकट असलेला कागद खरा आहे. डागाविना असलेला कागद कदाचित आपण लिहिलेला असेल.

१०. मोठे करणे आणि धार आणणे

लहानशा पारपत्रावरील चित्र भिंतीएवढे करावे, असा मोह सर्वांनाच होतो. ‘स्केल इमेज’ ह्या आज्ञेने चित्राची लांबी व रुंदी दुप्पट केली तर पिक्सेलांची संख्या चौपट होते. ह्या वाढीव तीन-चतुर्थांश पिक्सेलांचे अंक कोठून येतात? ते शेजाऱ्यांच्या सरासरीवरून काढलेले अंदाज होत. चित्र मोठे होते, पण त्यात अधिक काही दिसू लागत नाही. अधिक तपशील हवा असेल तर मूळ छायाचित्रच अधिक दाट प्रमाणात उतरविले पाहिजे. आणि तेथेही मूळ कागदावरील कणांची मर्यादा आहेच.

चित्रास धार आणण्यासाठी ‘अनशार्प मास्क’ ही क्रिया वापरतात. हे नाव अंधाऱ्या खोलीतील जुन्या पद्धतीवरून आले. चित्राची एक धूसर प्रत काढावयाची, मूळ चित्रातून ती वजा करावयाची, आणि जी बाकी उरते तिचा काही अंश मूळ चित्रात मिळवावयाचा. गडद व उजळ भाग जेथे भेटतात तेथेच ही बाकी मोठी असते. म्हणून कडा तेवढ्या उठून दिसतात. क्रिया अति झाली की कडांभोवती पांढरी प्रभावळ उमटते. ही क्रिया नेहमी सर्वांत शेवटी करावी.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने धूसर चेहरा क्षणात रेखीव करून देतात, कृष्णधवल चित्रात रंग भरतात. ती कशी चालतात हे जाणले पाहिजे. असंख्य इतर चेहऱ्यांवरून शिकलेले यंत्र, अशा धूसर ठिपक्यांच्या जागी बहुधा काय असते, ह्याचा अंदाज बांधते. पापण्यांचे केस स्पष्ट दिसतात, पण ते त्या माणसाचे नसतात. ज्या थोर पुरुषाचा चेहरा आपणास प्रायः एका लहान छायाचित्रातून माहीत आहे, त्याच्या बाबतीत अशी सुधारलेली प्रत मूळ म्हणून फिरू लागली, तर काही वर्षांनी खरा चेहरा कोणता हे सांगणे अवघड होईल. आपल्या पणजीच्या चित्रासही हाच न्याय लागू आहे. तिचे तर बहुधा दुसरे चित्रच नसते.

११. साठवण आणि नोंद

काम झाल्यावर चित्र कोणत्या रूपात साठवावे, ह्याला महत्त्व आहे. गिंपमध्ये ‘सेव्ह’ आणि ‘एक्सपोर्ट’ ह्या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘सेव्ह’ केल्याने एक्ससीएफ ह्या रूपात सर्व थर व मास्क सुटे राहतात. ही कामाची प्रत. इतरांस देण्यासाठी ‘एक्सपोर्ट’ करावे. पीएनजी ह्या रूपात एकही अंक न गमावता चित्र लहान जागेत बसते. जेपेग हे रूप चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारीक तपशील टाकून देते. त्यामुळे फाइल फार लहान होते व पाठविण्यास सोयीची पडते. परंतु तेच जेपेग पुन्हा उघडून, बदलून, पुन्हा साठविल्यास दर खेपेस थोडे थोडे गमावत जाते. म्हणून जतनासाठी पीएनजी किंवा टिफ, आणि वाटण्यासाठी जेपेग, अशी विभागणी करावी.

प्रत्येक चित्रासोबत चार ओळींची नोंद ठेवावी : मूळ वस्तू कोणाची व किती मोठी, ती केव्हा व किती दाट प्रमाणात उतरविली, कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने केल्या, आणि भरणी केली असल्यास नेमकी कोठे. हा मजकूर वहीत लिहिला तरी चालतो. कामाचा क्रमही ठरलेला असावा : प्रत काढणे, सरळ करणे, कातरणे, लेव्हल्स, रंग, डागांची दुरुस्ती, आकार आणि शेवटी धार.

१२. समारोप

१९५७ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने रामानुजनांच्या वह्या दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. त्या नव्याने जुळवून छापल्या नाहीत. पानापानाच्या छायाप्रती होत्या तशाच छापल्या. खोडलेल्या ओळी, अपुरी समीकरणे, समासातील टिपणे, सर्व काही त्यात आले. संपादकांनी ती पाने ‘स्वच्छ’ केली असती, तर वाचणे सुकर झाले असते. परंतु खोडलेल्या ओळीतून रामानुजनांच्या विचाराचा माग काढण्याची वाट अभ्यासकांना बंद झाली असती. पुढे अनेक वर्षे ज्या गणितींनी त्या वह्यांतील सूत्रे एकेक करून सिद्ध केली, त्यांना आपण पाहत आहो ती रामानुजनांच्या हातची अक्षरे आहेत, हा भरवसा होता.

कुंभकोणमच्या मंदिरांचा जीर्णोद्धार करताना जाणते स्थपती पडलेला दगड उचलून त्याच्या जागी बसवितात. आणि दगड हरवलाच असेल तर नवा घडवितात, पण तो नवा आहे हे नाकारीत नाहीत. चित्राच्या जीर्णोद्धारालाही ह्याहून वेगळा नियम नको. ज्याच्या घरी जुनी पेटी आहे त्याने पावसाळ्यापूर्वी ती उघडावी, कागद व छायाचित्रे एकेक करून रंगीत उतरवून घ्यावीत, मूळ फायली दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि मग सवडीने एका प्रतीवर लेव्हल्सच्या खुणा सरकवून पाहाव्यात.